उपरण्याखालचा भाव

नानाजींनी उपरणं कुठं टाकलं ते मी पाहिलं, आणि लगेच कळलं. रुळावर पाय टेकवला की गाडी दिसायच्या आधी तळव्याला कळतं, तसं. बाबांनी उजवा हात पुढं केला होता, तळवा वर, चार बोटं जवळजवळ, अंगठा बाजूला. नानाजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि बाबांच्या हातावर अंथरलं. भाकरीच्या टोपल्यावर फडकं घालतात तसं, कडा नीट खाली ओढून. मग आपला हात त्या उपरण्यावर ठेवला आणि वरूनच बाबांची बोटं चाचपली. म्हणजे कपडा दोघांच्या हातांवर नव्हता, दोघांच्या हातांच्या मध्ये होता. मी ओसरीच्या कडेला, सायकलीच्या मागच्या चाकाला हात लावून उभी होते. चाक गार होतं. मला वाटलं आपलं चुकलं असेल, म्हणून पुन्हा पाहिलं. चुकलं नव्हतं.

कारण हा खेळ मी आधी पाहिलेला आहे. सहा-सात वर्षांची असताना वाशिमच्या बैलबाजारात बाबांच्या खांद्यावर बसून. भिवाजीमामाला गोऱ्हा घ्यायचा होता. खाली दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांचे हात एका धोतराच्या सोग्याखाली, आणि सोगा आपोआप हलतोय. आत उंदीर कोंडलाय असं वाटून मी ओरडले, तर बाबांनी माझा पाय दाबला. "भाव चालू हाय, माय. बोलू नोको." एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. आधी शेकड्याचे, मग दहाचे, मग सुट्टे. चार लोक भोवती उभे असतात, बैल पण उभा असतो, आणि किंमत कोणालाच कळत नाही. ती फक्त त्या दोन हातांना कळते. सोग्याखाली त्या माणसांचे हात एकमेकांत गुंतलेले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण सोगा सरकला तेव्हा ते दिसले होते: एकाच्या बोटात चांदीची अंगठी, दुसऱ्याच्या नखात हळद. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. घरी येऊन मी आईच्या पदराखाली तिची बोटं धरून तिला विकत घेतली होती, पाच रुपयाला.

आज विकत घ्यायची होती ती सायकल. लेडीज, हिरवी, पुढच्या मडगार्डवर लाल फूल. जऊळक्यातले शेतकरी नानाजी, त्यांच्या लेकीची, सिंधूची. सिंधूताई लग्न होऊन पुसदला गेली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती ओसरीत गोणपाट पांघरून उभी होती. आमच्या खोल्या स्टेशनपासून तीन मैलांवर, रेल्वे गेटजवळ. बाबा गँगमध्ये चाबीवाले. रोज सकाळी हातोडा आणि झेंड्या घेऊन रुळाच्या कडेकडेनं चालत जायचं, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाब्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, कुठं तडा आहे का ऐकायचं. मी दहावी पहिल्या वर्गात पास झाले होते, आमच्या खोल्यांमधून पहिलीच, आणि अकरावी म्हणजे वाशिम, आणि वाशिम म्हणजे जऊळक्याहून सातची पॅसेंजर. आईनं एका वाक्यात निकाल दिला होता: "सायकल असन तं जाजो. पायी एकटी तीन मैल, ते मले जमनार नाई." पंचफुला हे आईचं नाव, पण तिच्यात फुलासारखं काही नाही, तिचं वाक्य म्हणजे रुळाची चाबी, एकदा ठोकली की ठोकली. वाशिमच्या मावशीकडं राहून मी तासाला पंचवीस पैसे भाड्याच्या सायकलीवर शिकून घेतलं होतं. गुडघे त्याची साक्ष द्यायला तयार आहेत. तेव्हा सगळं जमलं होतं. फक्त या हिरव्या सायकलीची किंमत जमायची होती.

खरं सांगायचं तर किंमत मी घरूनच आणली होती. गणिताच्या सरांनी आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते, दर साल दर शेकडा दहा. सायकल एकोणसत्तर सालची, तेव्हाची किंमत दोनशे दहा. पावती मनकर्णाबाईंनीच, म्हणजे नानाजींच्या बायकोनं, मागं बाबांना दाखवली होती. आठ वर्षं झाली. एका पद्धतीनं दरवर्षी मूळ किमतीचे एकवीस कमी करत गेलं तर बेचाळीस उरतात. दुसऱ्या पद्धतीनं, उरलेल्यातून दहावा हिस्सा कमी करत गेलं तर नव्वद रुपये चाळीस पैसे. मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही करून पाहिलं आणि बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले. सायकल एक आणि किमती दोन. दोन्ही बरोबर, दोन्हींना सर पैकीच्या पैकी देतील. आणि पहिल्या पद्धतीनं आणखी दोन वर्षांनी सायकलीची किंमत शून्य होते, तेव्हा ती काय हवेत विरून जाते? दुसऱ्या पद्धतीनं ती कधीच शून्य होत नाही, कितीही वर्षं गेली तरी थोडं उरतंच. मला दुसरी पद्धत आवडली. खिशाला महाग होती तरी आवडली.

पण ओसरीत आल्यावर कळलं की पद्धती दोनच नसतात. मनकर्णाबाईंनी गोणपाट काढलं आणि पदरानं सीट पुसली. "माह्या सिंधूनं एक दिवस उन्हात ठेवली नाई हे. रोज खोबऱ्याचं तेल लावे चेनले." ही त्यांची पद्धत, तिच्यात सायकल गेल्या आठ वर्षांत एका रुपयानंही उतरली नव्हती, उलट सिंधूताई पुसदला गेल्यावर चढली होती. नानाजी सायकलीकडं बघतच नव्हते, ते माझ्याकडं बघत होते. मी घंटी वाजवली, एकदा, मग राहवेना म्हणून पुन्हा, आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. ती त्यांची पद्धत. बैल घेणाऱ्याचं पोरगं बैलाच्या गळ्यात पडलं की दहा रुपये वाढतात, हे मामा सांगायचा. मी ऐकून होते आणि तरी वाजवली.

आणि बाबांची पद्धत वेगळीच. त्यांनी टायर दाबला नाही, चेन ओढली नाही. पिशवीतून छोटा हातोडा काढला, खाली बसले आणि दांड्यावर हलकंच टिचकावलं. टिण्. मागच्या दांडीवर, टिण्. सीटखाली, टिण्. डोळे मिटलेले, मान जरा तिरपी. मी त्यांना असं हजारदा पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर चालायची तेव्हा ते म्हणायचे, रूळ बोलते, आपन चूप राहावं. मग पुढच्या चाकाच्या चिमट्यावर मारलं तर आवाज बसका आला, सर्दी झालेल्या माणसासारखा.

"नानाजी, चिमटा झाळेल हाय," बाबा म्हणाले.

"कोन म्हनते?"

"हातोडा म्हनते."

नानाजी उठून आले, चिमट्यावर वाकले. हिरव्या रंगाखाली बोटभर जागा खरंच जरा फुगीर होती. मनकर्णाबाई आतल्या दाराशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "पडली होती एकखेप. नाल्यात. तुमाले सांगतलं नाई, तुमी मारलं असतं तिले."

नानाजींनी त्या फुगीर जागेवरून अंगठा फिरवला. मग हसले. "आठ वर्सं मायलेकी मले फसवून राह्यल्या, अन् हा देवमन हातोडीनं पकडते." ते हसणं चांगलं होतं. मला त्या क्षणी ते आवडले. सिंधूताई नाल्यात पडून, रडून, आईच्या मदतीनं मोडलेला चिमटा गुपचूप झाळून जोडून आणतेय, वर हिरवा रंग लावतेय, हे मला दिसलं आणि मी मनातल्या मनात चिमट्याचे पाच रुपये कमी केले. पंच्याऐंशी. माझी किंमत तयार झाली. बाबा ओसरीच्या कडेवर बसले, नानाजी वरच्या पायरीवर, आणि बाबांनी हात पुढं केला. मग ते उपरणं.

मी त्या कपड्याकडं बघत राहिले. पांढरं उपरणं, काठ निळा, एका कोपऱ्यात विड्याचा डाग. त्याच्यावर नानाजींची जाड बोटं, आणि खाली बाबांची, जी दिसत नव्हती पण मला पाठ होती. मधल्या बोटाचं नख काळं, एकदा चाबी ठोकताना गेलेलं. अंगठ्याच्या मुळाशी चामडं इतकं जाड की तिथं मी लहानपणी पेन्सिल टोचून बघायची, त्यांना कळायचं नाही. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेताना हाच हात दुसऱ्याला जोडला, ते मला आईनं सांगितलंय. परत आल्यावर पांढरा सदरा धुऊन घडी करून ठेवला तो आजही आहे, आणि पुढं पाच वर्षांनी मी झाले तेव्हा याच हातानं दाखल्यावर विशाखा लिहिलं, शेतात निंदायला गेलेल्या बायकांना विचारून नाव ठेवायचं सोडून. हातोडा धरून धरून हात झिजलाय का? की वाढलाय? जिथं झिजायला पाहिजे तिथं चामडं वाढलंय. त्याला कोणती पद्धत लावायची. आणि नानाजी बाबांना देवमन म्हणतात, ओसरीवर बस म्हणतात, बाबांच्या हातोड्यावर विश्वास ठेवतात, मघाशी हसले, आणि त्यांचा हात उपरण्याच्या वरच आहे. ते मुद्दाम करत नव्हते, हेच मला सगळ्यात वाईट वाटलं. उपरणं झटकताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपण चपला घालताना आधी कोणता पाय घालतो ते आपल्याला कुठं माहीत असतं.

मी बाबांकडं पाहिलं. ते समोरच्या गोठ्याकडं बघत होते, डोळे अर्धे मिटलेले, मान तिरपी, आवाज ऐकत असल्यासारखी. कपडा हलला. नानाजींनी मान हलवली. पुन्हा कपडा हलला. मला वाटलं बाबांना दिसलंच नसेल. मग वाटलं, हे कसं न दिसेल, हात त्यांचा आहे. मग वाटलं, मीच बोलावं. नानाजी, उपरणं दोघांच्या हातांवरून टाका ना. किती सोपं वाक्य. पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीला एवढं वाक्य बोलता येऊ नये? आणि बोलले तर सायकल गेली, सातची पॅसेंजर गेली, आईची चाबी ठोकली गेली. वाक्य गळ्यापर्यंत यायचं आणि तिथं सायकल आडवी उभी असायची. चाकाच्या तारा माझ्या मुठीत रुतल्या होत्या. काहीतरी बाहेर येणारच होतं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"पंच्याऐंशी," मी म्हणाले. मोठ्यानं, वर्गात उत्तर देतात तसं.

कपडा थांबला. गोठ्यातलं वासरू तेवढं खुंट्याला अंग घासत राहिलं. नानाजींनी हात उचलला, उपरणं उचललं, खांद्यावर टाकलं.

"उघडा भाव बोलली पोट्टी," ते म्हणाले. रागानं नाही, भांडं फुटल्यावर म्हणतात तसं.

"लेकरू हाय," बाबा म्हणाले.

"हाय ना. पन आता आज नाई. उघडा भाव झाला का सौदा उठला, तुले माईत हाय, देवमन. माह्या बापानं कधी केला नाई, म्या नाई केला."

मनकर्णाबाईंनी गोणपाट पुन्हा सायकलीवर टाकलं. घंटीवर टाकताना ती जराशी वाजली.

परतताना आम्ही रुळाच्या कडेच्या पायवाटेनं चाललो. बाबा पुढं, मी मागं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते एका ठिकाणी थांबले, पायानं एक चाबी दाबून बघितली, आज सुट्टी असूनही ठोकली, आणि मग मागं न बघता म्हणाले, "पंच्याहत्तरवर आले होते ते."

मी उभीच राहिले. "पंच्याहत्तर?"

"सात बोटं झाली होती दहाची. वर पंजा आवळत होते. तेवढ्यात तू बोलली."

म्हणजे मी माझ्याच बापाच्या सौद्यात दहा रुपये चढवले. नव्वद चाळीस, वजा पाच, दुसरी पद्धत, सगळं बरोबर करून. मला हसू यायला लागलं आणि त्यातच रडूही, दोन्ही एकदम, आणि मी खडी तुडवत पुढं जाऊन म्हणाले, "बाबा, मले भाव नव्हता बोलाचा. मले उपरन्याचं बोलाचं होतं."

ते पाच-सहा स्लीपर पुढं चालत गेले.

"तुमाले दिसलं नाई का ते?"

"वीस वर्सांपासून दिसून राह्यलं."

"मंग बोलत काहून नाई?"

"कपड्यातूनबी बोट कळते ना. नानाजीचं बोट कापे, पंच्याहत्तर दाबतानी. त्याले विकाचीच होती." मग जरा थांबून म्हणाले, "मी त्या बोटाकडं ध्यान देतो. कपड्याकडं देलं तं भाव सुटते."

ते बरोबर होतं, आणि तरी मला नको होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की बाबा बरोबर आहेत आणि मी त्यांच्या बाजूला नाही. हा काही छोटा शोध नाही, मी त्यावर आठवडाभर घरात गप्प राहिले, म्हणून आईला वाटलं ताप आहे. गंगू, माझ्याबरोबर दहावीपर्यंत आलेली, सकाळी खुरपं घेऊन दारावरून जायची. "चालली का तुयी आगगाडी?" ती विचारायची, टोमणा होता आणि आशाही होती, माझ्यासाठी नव्हे, कोणाचीतरी जावी अशी. मी वहीतलं पान उघडायची. नव्वद चाळीस. त्याच्याखाली पंच्याऐंशी, त्याच्याखाली पंच्याहत्तर. या रकान्यात उपरणं कुठं लिहायचं? पंच्याहत्तरला सायकल मिळाली असती तर तिच्यावर बसून मी रोज नानाजींच्या ओसरीवरून गेले असते, आणि रोज, घंटी वाजवताना, मला निळा काठ दिसला असता. नसती मिळाली तर मी खुरपं घेऊन गंगूच्या मागं गेले असते, आणि तेव्हाही दिसला असता. मग फरक काय? फरक आहे, पॅसेंजरचा आहे, अकरावीचा आहे, मी मूर्ख नाही. पण शनिवारी संध्याकाळी, पुन्हा सौद्याला जायच्या आदल्या दिवशी, बाबा चहा पीत होते तेव्हा माझ्या तोंडून यावेळी नेमकं तेच आलं जे आणायचं होतं.

"बाबा, उद्या कपडा आपला नेऊ."

आईनं वर पाहिलं. बाबांनी बशी खाली ठेवली.

"आपला कोनता? माह्या रुमालाले तंबाखूचा वास हाय. नानाजी भाव सोडून शिंकतीन."

"धुतलेला न्या. वरून टाकाचा. दोघाईच्या हातावर."

"अन् नाई आला हात?"

मला माहीत होतं हा प्रश्न येणार. गळ्यात सायकल पुन्हा आडवी आली. मी ती बाजूला केली. कशी केली ते मला सांगता येणार नाही, पण वजन होतं तिला. "तं नाई," मी म्हणाले.

आई बाबांकडं बघत राहिली. मला वाटलं ती आता वाक्य ठोकणार. ती उठली, खुंटीवरून बाबांची पिशवी काढली आणि हिरवी झेंडी बाहेर काढून हातावर पसरली. "हे धुवून टाकतो," ती म्हणाली. "सरकारी हाय. याले कोनी काई म्हनू शकत नाई."

रविवारी ओसरीत सगळं तसंच होतं, वासरू, पायरी, गोणपाट. बाबा बसले, उजवा हात पुढं केला, आणि नानाजींचा हात उपरण्याकडं जायच्या आत डाव्या हातानं झेंडी आपल्या मनगटावर टाकली; पुढची बाजू मोकळी, तंबूचं दार असतं तशी. "या नानाजी," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, चहाला बोलावल्यासारखं. नानाजींचा हात खांद्यापर्यंत गेला होता तो तिथंच राहिला. त्यांनी झेंडीकडं पाहिलं. मग बाबांकडं. मग, शपथेवर सांगते, त्यांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं, पालथा करून, जसा आजच पहिल्यांदा दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी येत गेलं, जे गेल्या रविवारी नव्हतं. त्यांना कळलं. हिरवी झेंडी बाबांच्या नाडीबरोबर किंचित हलत होती. मनकर्णाबाई दारात होत्या, त्यांनी पदर दातात धरला होता. हात गुडघ्यावर आला. गुडघ्यावरून पुढं सरकला, दोन बोटं, तीन. मग तो परत गुडघ्यावर गेला.

"ऐंशी," नानाजी म्हणाले. मोठ्यानं. आवाज फाटला त्यांचा. उघडा भाव बोलायची त्या गळ्याला सवय नव्हती.

मनकर्णाबाईंच्या दातातून पदर सुटला.

बाबा थोडा वेळ तसेच बसले, हात पुढं, झेंडी वर. मग म्हणाले, "ऐंशी." झेंडी उचलली, चार घड्या केल्या, पिशवीत ठेवली, आणि नोटा पायरीवर मोजून ठेवल्या. नानाजींनी त्या उचलल्या नाहीत, आम्ही निघेपर्यंत त्या तिथंच होत्या, वर एक सुपारीचा अडकित्ता. सायकल बाहेर काढताना मनकर्णाबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाल्याच्या उतारावर ब्रेक सोडू नोको."

पायवाटेनं मी सायकल हातात धरून चालत होते. बसायचं धैर्य अजून झालं नव्हतं. म्हणजे धैर्य होतं, पण बसले असते तर बाबा मागं राहिले असते. चाकं टकटक बोलत होती. हात आला नाही. सायकल आली. मला आनंद झाला होता आणि झाला नव्हता, आणि दोन्हीची बेरीज करून एक उत्तर काढायची सवय मी गेल्या आठवड्यात सोडली होती. पंच्याहत्तरला मिळत होती, ऐंशीला घेतली. पाच रुपये जास्त. बाबांची पाऊण दिवसाची मजुरी, किती किलोमीटर रूळ, किती चाब्या. "पाच रुपये माह्यामुळं गेले," मी म्हणाले.

बाबा थांबले. पिशवीतून झेंडी काढली, घडी मोडली. माझा उजवा हात हँडलवरून काढून घेतला, वर झेंडी टाकली, आणि खाली त्यांचा हात माझ्या हातात आला. एक बोट धरलं नाही, दोन धरली नाहीत. जाड चामड्याचा, काळ्या नखाचा अख्खा पंजा त्यांनी माझ्या पंजाभोवती आवळला आणि तसाच धरून ठेवला. मला ती भाषा येत होती. मीही आवळला.

मग त्यांनी झेंडी काढून घेतली. "बस आता," म्हणाले. "आवाज आयकू दे."

मी बसले. पुढचा चिमटा जरा बसका वाजत होता, आणि मागून बाबा चालत येत होते.